लेक चिअर टीममध्ये ‘बेस’ आहे आणि रात्री जेवत नाही. काय करावं?

सेकंडशिफ्टवाला · २३ नोव्हेंबर, रात्री १२.४८

मी इथं एरवी नुसता वाचतो. लिहिलं ते एकदाच, जुन्या ॲक्टिव्हाच्या कार्बोरेटरबद्दल. तेव्हा चांगली माणसं भेटली म्हणून परत आलोय. आत्ताच शिफ्ट संपवून आलो. घरात सगळे झोपलेत. डबा मोरीत ठेवला आणि बसलो लिहायला.

नाशिकला अंबडच्या कारखान्यात क्वालिटीत आहे मी. जॉब, म्हणजे मशीनवरचा सुटा भाग, आला की मोजायचा, मापात बसला तर पुढं, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये. अठरा वर्षं हेच. घर सिडकोत, पवननगरच्या बाजूला. लेक आठवीत.

तिच्या शाळेत डिसेंबरात क्रीडा सप्ताह असतो. चार हाऊस आणि प्रत्येक हाऊसची एक चिअर टीम. आमच्या वेळी गॅदरिंगला लेझीम आणि डंबेल्सची कवायत असायची. यांच्याकडे पॉमपॉम, घोषणा, उड्या आणि शेवटी मनोरा. वर जाते ती फ्लायर, खाली दोघी बेस, मागं एक बॅकस्पॉट. महिन्याभरापूर्वी यातला एक शब्द मला माहीत नव्हता. आता मशीनपाशी उभा असलो तरी डोक्यात हेच.

आमची बेस. मागच्या वर्षी बेस, यंदाही बेस. अंगानं माझ्यावर गेलीये, रुंद खांद्यांची. पाण्याचा वीस लिटरचा जार एकटी उचलून स्टँडवर पालथा घालते, आणि हे मी आल्यागेल्याला कौतुकानं सांगत आलोय. (कौतुकानंच, देवाशपथ.)

दिवाळीनंतर तिनं रात्रीचं जेवण सोडलं. मी सेकंडला असलो की घरी यायला साडेबारा होतात, त्यामुळं मला पत्ताच नाही. बायको म्हणाली, पोट दुखतं म्हणते, शाळेतच खाल्लं म्हणते. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी मी मिसळ आणली. रविवारची मिसळ म्हणजे आमच्याकडे सत्यनारायणच, मोडायचा नाही. तर पोरीनं काय करावं? चमच्यानं मटकी तेवढी वेचून खाल्ली. शेव बाजूला, तर्री बाजूला, पावाला हात नाही. जी पोरगी माझ्या ताटातला तिसरा पाव पळवायची, ती. तेव्हा माझ्या डोक्यात घंटा वाजली.

मग एकेक गोष्ट जुळायला लागली. आजकाल दळण टाकायला तीच जाते. आधी दहा वेळा सांगितल्याशिवाय न हलणारी पोरगी आता दोन दिवसांआड दीड-दोन किलो ज्वारी घेऊन गिरणीत. मला वाटलं, शहाणी झाली. परवा तिच्या रफ वहीच्या मागच्या पानावर आकडे दिसले. ओळीनं, तारखेसकट, एक दशांश स्थळापर्यंत. मी दिवसभर असलीच रीडिंग लिहितो, मला कोणी सांगायची गरज नव्हती. गिरणीतल्या मोठ्या काट्यावर स्वतः उभी राहते ती. (आकडे लिहिले होते, खालच्या सिस्टरच्या सांगण्यावरून काढलेत.)

विचारलं तेव्हा रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, “मला वर जायचंय. मॅडम म्हणाल्या, इतक्या किलोच्या खाली आलीस तर बघू.” मॅडम सहज म्हणाल्या असतील. पोरीनं ते ड्रॉइंगवरच्या मापासारखं धरलं.

आता मला कळेना. टीममधून काढू? बायको म्हणते, काढलं तर आपण तिचं पंख कापल्यासारखं होईल, आणि हे वयच असं असतं. शाळेत जाऊन भेटू? तर “पप्पा, तुम्ही शाळेत यायचं नाही” अशी आधीच तंबी मिळालीये. गप्प बसू? ते जमणार नाही.

आणि अजून एक. इथं कोणी कधी असं खाली उभं राहिलंय का? तिथं नेमकं काय असतं? मला तर वाटायचं, खालची पोरगी म्हणजे टीमचा कणा. तिला ते अजिबात वाटत नाही.

पंचवटीकर_आप्पा · २३ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

टीममधून काढा. विषय संपला. ही थेरं आयपीएलबरोबर २००८ ला आली आणि शाळांनी उचलली. आमच्या तालमीत पोरं दूध पिऊन वजन वाढवायची, इथं पोरी उपाशी राहून कमी करतायत. लेझीम काय वाईट होती? लेझमीत कोणी वर नाही, कोणी खाली नाही. सगळे एका ओळीत.

मूळ_ठाणेकर · २३ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो. नोकरीमुळं आता पाथर्डी फाट्याला आहे, पण त्याआधी ठाण्यात गोविंदा पथकात सात वर्षं होतो. सातही वर्षं सगळ्यात खालच्या थरात.

खाली काय असतं? काही नसतं. समोरच्याचा दंड, त्याच्या घामाचा वास आणि जमीन. मान खाली घालायची, हात एकमेकांत अडकवायचे आणि मोजायचं. वर कितवा थर लागला हे डोळ्यांनी कळत नाही, खांद्याला कळतं. एक पाय जरा जास्त दाबला गेला की समजायचं, वरचा घाबरलाय. मग खालून कोणीतरी ओरडतो, “सावकाश, सावकाश.” एक्का, म्हणजे सगळ्यात वरचा पोरगा, हंडीपर्यंत पोचला तो क्षण मी सात वर्षांत एकदाही पाहिला नाही. लोकांचा आवाज आला की कळायचं. दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोत हंडी, एक्का आणि तिसऱ्या थरापर्यंतची माणसं. आम्ही घडीच्या खाली.

वाईट वाटायचं का? पहिल्या वर्षी वाटलं. नंतर असं झालं की पथकात कोणीही चुकला तरी चालेल, पण आम्ही आठ-दहा जण आलो नाही तर सरावच होत नव्हता. ते आम्हाला माहीत होतं. प्रशिक्षकाला त्याहून जास्त माहीत होतं. नाश्ता आला की पहिली प्लेट पायातल्या पोरांना. मोठी गोष्ट होती ती.

आणि हो, वजन. पायातल्या माणसाला वजन कमी कर असं सांगणारा प्रशिक्षक मी पाहिला नाही. वरच्या पोरांच्या बाबतीत मात्र गडबडी व्हायच्या. म्हणून तर २०१४ ला हायकोर्टानं अठराखालच्यांना बंदी आणि वीस फुटांची मर्यादा घातली होती. पुढं २०१७ पासून चौदाखालच्यांना घ्यायचं नाही आणि उंचीचं बंधन नाही, असं झालं. तुमची लेक आठवीत म्हणजे तेरा-चौदाची. विचार करण्यासारखं आहे एवढंच म्हणतो.

दोरीवरची · २३ नोव्हेंबर, दुपारी १.०५

आप्पांना नमस्कार करून सुरुवात करते. मी यशवंत व्यायामशाळेत दहावीपर्यंत दोरीच्या मल्लखांबावर होते. नंतर पुण्यात कॉलेजच्या चिअर टीममध्ये तीन वर्षं बॅकस्पॉट. म्हणजे दोन्ही घरचं जेवलेय.

आप्पा, ही थेरं आयपीएलनं काढलेली नाहीत, आणि बायकांची तर मुळीच नाहीत. १८९८ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी मैदानाकडं पाठ करून लोकांकडून घोषणा म्हणवून घ्यायला लागला, तिथून हे सुरू. पुढची पंचवीसेक वर्षं हे काम पोरांचंच होतं. मुली आल्या त्या १९२३ च्या सुमारास. आयसेनहॉवर, रेगन आणि धाकटे बुश हे अमेरिकेचे तीन राष्ट्राध्यक्ष शिकत असताना चिअरलीडर होते. २०२१ मध्ये ऑलिंपिक समितीनं या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यता दिली. तुम्ही टीव्हीवर बाऊंडरीपाशी बघितलंत ते वेगळं आणि पोरी शाळेत करतात ते वेगळं. शाळेतलं तुमच्या मल्लखांबाच्या मनोऱ्यांना जास्त जवळचं आहे.

आता बाबांसाठी. पहिली गोष्ट, फ्लायर हलकी असावी लागते हे अर्धंच खरं. आमच्या टीमची सगळ्यात हलकी मुलगी सगळ्यात जड लागायची. का, तर ती वर गेली की ढिली पडायची. गुडघे मऊ, कंबर मऊ. ओल्या चादरीची घडी उचलून बघा आणि तेवढ्याच वजनाची काठी उचलून बघा. तिच्याहून चार-पाच किलो जास्त असलेली दुसरी होती, ती पोट आवळून, गुडघे ताठ करून उभी राहायची. तिला धरणं सोपं. बाई, हे मॅडमना माहीत नसेल तर काळजीची गोष्ट आहे, कारण मग त्यांना बाकीचंही माहीत नसणार.

बाकीचं म्हणजे हे. उचलताना जोर मांड्यांतून लावायचा, कमरेतून नाही. बेसचा एक हात टाचेखाली, एक बोटांखाली. बॅकस्पॉट घोट्याला धरते आणि तिचं खरं काम वरचीचं डोकं आणि मान वाचवणं. वरची पडली तर बॅकस्पॉटनं आधी पडायचं. माझ्या नाकाचं हाड त्यातच गेलं, अजून थोडं वाकडं आहे. नवरा म्हणतो कळत नाही. कळतं.

मूळ ठाणेकरांनी लिहिलेल्यात एक फरक आहे तो सांगते. गोविंदा मान खाली घालतो. चिअरमधली बेस मान वर ठेवते. सतत वर बघायचं, फ्लायरवरून नजर हलवायची नाही, ती कुठं झुकतेय हे तिच्या आधी बेसला कळलं पाहिजे. दोन-अडीच मिनिटांत बेस काय बघते? दुसरी मुलगी. फक्त दुसरी मुलगी.

शाळेला एकच विचारा: खाली गादी आहे का? २००६ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाची चिअरलीडर बास्केटबॉलच्या सामन्यात पंधरा फुटांवरून डोक्यावर पडली. मानेचा मणका चिरला. तिला स्ट्रेचरवरून नेत असताना बँडनं कॉलेजचं गाणं वाजवलं, तर ही झोपल्या झोपल्या हातांनी त्याच्या सगळ्या ॲक्शन करत होती. सगळ्या स्टेडियमनं टाळ्या वाजवल्या. आम्हाला तो व्हिडिओ कॉलेजात ‘स्पिरिट’ म्हणून दाखवला होता. मलाही तेव्हा भारी वाटलं होतं. आता माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि मला तो बघवत नाही. त्यानंतर तिकडं कडक फ्लोअरवर गादीशिवाय उंच फेकण्यावर बंधनं आली. २०१२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनंही सांगितलं की याला खेळच माना आणि खेळाचे सगळे नियम लावा. आपल्याकडं शाळेच्या पेव्हर ब्लॉकवर सराव चालतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कुठं ते लिहीत नाही.

सिव्हिलमधली_सिस्टर · २३ नोव्हेंबर, दुपारी ४.४०

दादा, आधी ते आकडे काढा. इथं इतर मुलीही वाचतात आणि त्या वयात दुसरीचा आकडा म्हणजे आपलं टार्गेट.

मग आईला बोलायला सांगा, तुम्ही नाही. पाळी सुरू झालीये का, झाली असेल तर दिवाळीपासून आलीये का. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही तर थेट डॉक्टर, वाट बघायची नाही. थंडी वाजते का जास्त, केस गळतात का, जिना चढून आल्यावर टेकते का. या वयात उंची वाढते, हाडं भरतात, वजन वाढणारच. वाढलंच पाहिजे. ते रोखणं म्हणजे स्लॅब टाकताना सिमेंट वाचवण्यासारखं आहे. दिसायला वर्षं लागतात.

जबरदस्तीनं ताट पुढं ढकलू नका. “जेव नाहीतर टीममधून काढतो” असं तर अजिबात नाही. आणि गिरणीचा काटा दीड-दोनशे ग्रॅम इकडंतिकडं असतोच, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पळा_पळा · २३ नोव्हेंबर, सायंकाळी ६.१२

स्वतःला सिद्धच करायचं असेल तर पळायला पाठवा की राव. भोसला मिलिटरी स्कूलच्या ग्राउंडवर सकाळी जाऊन बघा, हरसूल-पेठकडच्या पोरी कशा धावतात. आपली कविता राऊत तिथंच घडली. २०१० ला दिल्लीत कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ. पळण्यात मॅडम नाही, वजनकाटा नाही, कोण वर कोण खाली नाही. घड्याळ सांगतं.

सेकंडशिफ्टवाला · २४ नोव्हेंबर, रात्री १.१५

सगळ्यांचे आभार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आकडे काढले. बायकोला सिस्टरचं वाचून दाखवलं. ती उद्या बोलणार आहे.

पळा_पळा, तुमचं बरोबर आहे. मी तिला म्हणालोही. तर म्हणाली, “पप्पा, पळताना आपली माणसं नसतात.” आता यावर काय बोलणार? तिला ती सात-आठ जणींची टीमच हवीये, त्यांचे ते एकसारखे रिबन, डब्यातली भाजी वाटून खाणं. फक्त त्यातली जागा बदलून हवीये.

आप्पा, लेझमीत कोणी वर-खाली नाही म्हणालात. पण पुढची ओळ आणि मागची ओळ असायचीच की. मी मागच्या ओळीत होतो. माझी आई अजून म्हणते, तू दिसला नाहीस.

दोरीवरच्या ताई, तुमचं ते ‘बेस फक्त दुसरी मुलगी बघते’ वाक्य डोक्यातून जाईना. शिफ्टमध्ये चहाच्या सुट्टीत मी फोनमधला मागच्या वर्षीचा व्हिडिओ काढला. मीच काढलेला. मैदानात खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेतून.

दोन मिनिटं दहा सेकंदांचा आहे. मी तो कामावर जॉब बघतो तसा बघितला, घड्याळ लावून. सुरुवातीला टीम आत येते तिथं आमची दोन सेकंद दिसते, वेणी आणि पाठ. मग मनोरा सुरू होतो आणि फोन वर जातो. वरची मुलगी आमच्या मागच्या गल्लीतली, लेकीची मैत्रीणच. मी तिच्यावर झूम केलंय. चेहरा, हात, पॉमपॉम, मागं आकाश. फोन उभा धरलेला, त्यामुळं खालचं सगळं कापलं गेलंय. मध्ये एकदा माझा हात हलला तर एक खांदा दिसतो. तो आमच्या पोरीचा, मी खांद्यावरून ओळखला. धरून पाच सेकंद होतील, जास्त नाही.

आणि त्यावर माझाच आवाज आहे. “अरे वा! काय चढली पोरगी! एक नंबर!”

हा व्हिडिओ मी घरी टीव्हीला जोडून दाखवला होता. पाहुण्यांना दाखवला. गावाला भावाला पाठवला. लेकीच्या फोनवर नाही, पण बायकोच्या फोनवर आहे, आणि बायको म्हणते ती तो सारखा लावून बसायची, आम्हाला वाटायचं हौस आहे.

तेव्हा मॅडमनी एक आकडा सांगितला हे खरं. पण आधीचं माप मी दिलेलं आहे.

जास्त लिहीत नाही. झोपतो.

मूळ_ठाणेकर · २४ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

दादा, आमच्याकडंही सगळ्यांचे बाप असंच शूटिंग करायचे. माझा बापसुद्धा. एवढं मनाला लावून घेऊ नका.

पीटीच्या_तासाला · २४ नोव्हेंबर, रात्री ९.५०

मी स्वतः पीटीचा शिक्षक आहे, बावीस वर्षं. शाळा सांगत नाही. आमच्या बाजूनंही थोडं ऐका.

दीडशे मुलं, एक मी, आणि पंधरा दिवसांत कार्यक्रम उभा करायचा. वरच्या मुलीची निवड आम्ही खरंच डोळ्यांनी करतो: जी बारीक दिसते ती वर. दोरीवरच्या ताईंनी लिहिलेलं ताठ राहण्याचं वगैरे शिकवायला वेळ लागतो, आणि बारीक मुलगी निवडायला एक मिनिट. त्या मॅडमनी जे म्हटलं तसलं वाक्य मीही म्हटलंय. “कमी कर मग बघू.” विषय टाळायला म्हणतो आपण. मूल विसरेल असं वाटतं. तुमची पोस्ट वाचून मी मागची दोन-तीन वर्षं आठवत बसलो, कोणाला काय म्हणालो ते.

शाळेत जा, पण ऑफिसात नको आणि तक्रार घेऊन नको. शनिवारी सकाळच्या शाळेनंतर बहुतेक ठिकाणी सराव असतो. पालक म्हणून कडेला उभे राहा, पाण्याच्या बाटल्या भरून द्या. मॅडमशी वजनाचा विषय पहिल्या भेटीत काढू नका, गादीचा काढा. गादीवर कोणाचा इगो दुखत नाही. दुसऱ्या वेळी सांगा की पोरगी जेवत नाही. त्यांना धक्का बसेल, खात्रीनं सांगतो.

मुलीला टीममधून काढू नका. काढलंत तर ती म्हणेल, मी जाड म्हणून काढलं.

पंचवटीकर_आप्पा · २५ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

दोरीवरची, १८९८ चं मला माहीत नव्हतं. बरं.

सेकंडशिफ्टवाले, आमच्या तालमीच्या माळ्यावर दोन गाद्या पडून आहेत. कुस्तीच्या मॅटवर आलो तेव्हापासून कोणी वापरत नाही. काथ्याच्या आहेत, जड आहेत, उन्हात टाकाव्या लागतील. शाळेला हव्या असतील तर मला खासगी निरोप पाठवा. टेम्पोचं तुम्ही बघा.

दोरीवरची · २५ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

आप्पा ❤️

सेकंडशिफ्टवाला · १४ डिसेंबर, रात्री ९.३०

या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे म्हणून माणसासारख्या वेळी लिहितोय. बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून सांगतो.

सिस्टर, तुमच्या सांगण्याप्रमाणं डॉक्टरांकडं नेलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू आहेत. बाकीचं ठीक आहे म्हणाले, आईशी वेगळं बोलले. ते इथं लिहीत नाही.

शनिवारी गेलो. सर म्हणाले तसं कडेला उभा राहिलो. लेकीनं पहिली दहा मिनिटं ओळखच दाखवली नाही. मी बाटल्या भरत होतो. मग मनोरा लावला. मी पहिल्यांदा फोन खिशात ठेवून बघितलं. पोरगी खाली बसते, टाचेखाली हात घालते, “एक, दोन” आमचीच म्हणते. मला वाटत होतं मॅडम मोजत असतील. आमचीच मोजते, आणि तिनं “तीन” म्हटल्याशिवाय कोणी हलत नाही. वर गेल्यावर ती पोरगी डुलायला लागली तर हिनं काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि ती स्थिर झाली. काय सांगितलं ते विचारलं घरी आल्यावर. म्हणाली, “श्वास सोड म्हणाले. ती वर गेली की श्वास धरते.”

मॅडम चांगल्या आहेत. तिशीच्या आतल्या, घाबरलेल्या. गाद्या म्हटल्यावर त्यांनी हातच जोडले. आप्पांच्या गाद्या मित्राच्या छोटा हत्तीतून नेल्या, दोन दिवस शाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवल्या, तरी शिंका येतात त्यावर पोरींना. जेवणाचं मी सांगितलं ते दुसऱ्या शनिवारी. त्या गप्पच झाल्या. त्यांना ते वाक्य म्हटलेलं आठवतही नव्हतं. नंतर त्यांनी पोरीला बोलावून काय सांगितलं ते मला माहीत नाही.

फ्लायर केलं नाही तिला. मीही मागितलं नाही. पण सराव संपल्यावर त्या मॅडम आता सगळ्यांना आलटून पालटून वर पाठवतात, गुडघ्याच्या उंचीपर्यंतच. आमची पण गेली. मी बघितलं. भीतीनं तिचा चेहरा पांढरा पडला होता, खाली उतरली आणि हसतच सुटली.

परवा घरी हॉलमध्ये मला शिकवलं. माझे हात टाचेखाली, तिची आई मागं बॅकस्पॉट, सारखी ओरडत, “पंखा बंद करा आधी, पंखा!” एक फूट उचललं असेल तिला. लगेच दम: “पप्पा, वर बघा. माझ्याकडं बघा. पायाकडं काय बघताय?” दंड दोन दिवस दुखले.

व्हिडिओबद्दल मी माफी मागितली. नीट जमली नाही. मी म्हणालो, मागच्या वेळी तू दिसली नाहीस त्यात. ती म्हणाली, “माहितीये.” आणि टीव्ही लावला.

शुक्रवारी कार्यक्रम झाला. फर्स्ट संपवून थेट गेलो, युनिफॉर्मवरच. आत जायच्या आधी ती पॉमपॉम हातात घेऊन रांगेतून माझ्याकडं आली आणि एवढंच म्हणाली, “पप्पा, फोन आडवा धरा.” धरला. हाऊस दुसरं आलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. रात्री एक पोळी खाते, दुसरीला नाही म्हणते, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघतो. गेल्या रविवारी मिसळीतला पाव खाल्ला. शेव ठेवली. वही मी पुन्हा उघडली नाही, उघडायची नाही असं ठरवलंय.

दळण आता मीच टाकतो. गिरणीवाला विचारत होता, पोरगी दिसत नाही हल्ली.